मथळ्याचे बळ शेवटच्या शब्दात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्या मंडळाचा इतिहास सांगण्यास माझ्याहून जुने व जाणते सभासद आहेत आणि त्यांचे लेख याच अंकात वाचकांस आढळतील. मी निवडलेला विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो आहे वृत्तपत्रातील मथळा. हा विषय का सुचला, ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्याचे मूळ मंडळाच्याच फळ्यावर आहे.

गेल्या वर्षी एका सायंकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एका सभासदाने बातमीचा दुवा पाठविला. एका ज्येष्ठ गायकाचे नाव आणि त्यापुढे ‘यांच्या निधनाची बातमी’ एवढीच अक्षरे फोनच्या पडद्यावर दिसत होती. पुढे तीन टिंबे होती. पाहता पाहता श्रद्धांजलीचे संदेश सुरू झाले. आमच्या चिटणिसांनी दारातील फळ्यावर खडूने शोकप्रस्ताव लिहिला आणि त्या दिवशीचे भजन रहित केले. तासाभराने कोणीतरी तो दुवा उघडून पाहिला. पूर्ण मथळा असा होता, की त्या गायकांच्या निधनाची बातमी खोटी असून त्यांची प्रकृती उत्तम आहे! फळा पुसला गेला, सर्वजण ओशाळून हसले, आणि प्रकरण तेथेच मिटले. माझ्या मनात मात्र ते मिटले नाही. ज्याने मथळा लिहिला त्याने असत्य लिहिले नव्हते. ज्यांनी वाचला त्यांनीही डोळ्यांसमोर होते तेच वाचले होते. घात झाला तो मराठी वाक्याच्या घडणीमुळे. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार हे दोन्ही वाक्याच्या अखेरीस येतात, आणि फोनच्या पडद्याने नेमकी ती अखेरच कापली होती.

यावरून बालपणीची एक आठवण जागी झाली. माझे वडील रेल्वेत होते आणि माझे सारे बालपण हिंदी मुलखातील रेल्वेच्या वसाहतींत गेले. घरी ‘केसरी’ टपालाने येई; गुंडाळी करून वर कागदाची पट्टी चिकटविलेला, आणि बहुधा दोन-तीन दिवस शिळा. पट्टी फाडण्याचा मान माझा होता आणि आजीला मथळे वाचून दाखविण्याचे कामही माझेच. शाळेत हिंदी शिकणाऱ्या मला मराठी वाक्य वाचताना शेवटी दम लागे आणि अखेरचा शब्द मी तोंडातल्या तोंडात गिळून टाकी. त्यावर अण्णा आतल्या खोलीतून ओरडत, “क्रियापद गिळू नकोस! काय झालं ते त्यातच असतं.” महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांची मराठीशी ओळख अशीच, पुस्तकाआधी मथळ्यांतून झाली असेल. आज आपल्या नातवंडांची ओळखही मथळ्यांतूनच होत आहे. मात्र ती फोनच्या पडद्यावरील आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबणारी. म्हणून हा मथळा कोठून आला आणि कोणकोणत्या हातांतून गेला, हे पाहणे अगदीच निरर्थक ठरू नये.

‘मथळा’ हा शब्द माथ्याशी नाते सांगतो. हिंदीतील ‘शीर्षक’, बंगालीतील ‘शिरोनाम’, कानडीतील ‘तलेबरह’, तमिळमधील ‘तलैप्पु’ हे सारे शब्द डोक्यावरूनच निघालेले आहेत. आणि बडोदे-अहमदाबादकडील आपल्या बांधवांना ठाऊकच आहे, की गुजरातीतले ‘मथाळुं’ तर आपल्या शब्दाचे सख्खे भावंड शोभते. हा माथा वृत्तपत्रांना पहिल्यापासून होता, असे मात्र नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस मराठी असा मजकूर असे. तथापि आज आपण ज्याला मथळा म्हणतो, तो त्या काळच्या पत्रांत शोधू गेल्यास निराशाच पदरी पडते. विषयाचे वा गावाचे नाव मजकुरावर दिले, की काम भागे. वाचक थोडे होते, पत्रे लहान होती, आणि हाती आलेला अंक वाचक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार, हे गृहीतच होते. अशा वाचकाला हाक मारून बोलावण्याची गरज कोणाला?

शिवाय छापखान्याच्या अडचणी होत्याच. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, आणि मध्ये जोडाक्षरांचा पसारा. इंग्रजी खिळ्यांच्या पेटीत थोड्या घरांत सारी वर्णमाला मावते. नागरीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो घरे मांडलेली असत. मोठ्या आकाराचे खिळे म्हणजे हा सारा पसारा पुन्हा नव्याने ओतून घेणे, आणि तो खर्च लहान छापखान्यांना झेपणारा नव्हता. ‘निर्णयसागर’च्या जावजी दादाजींसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले, त्यावाचून पुढची कथा घडली नसती. असो.

मथळ्याला स्वतःचा आवाज प्राप्त झाला तो निबंधकारांच्या हातून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली. तिच्या अखेरीस आलेल्या ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधाचे नाव पाहावे. वरून ते शांत आहे, पण ‘आमच्या’ या एका शब्दात लेखक आणि वाचक एकाच बाजूस उभे केले आहेत. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढल्यावर तोच शब्द उलटा वापरला. ‘आमचे काय होणार?’ या त्यांच्या मथळ्यात आपलेपणापेक्षा चिंता आणि टोचणी अधिक आहे. ‘महाराष्ट्रीयांस अनावृत पत्र’ या मथळ्यात तर त्यांनी वाचकाला थेट नाव घेऊनच हाक मारली. तरीही हे निबंधांचे मथळे होत. आठवडाभरात शिळ्या होणाऱ्या घटनेवर लिहून ती घटना पुढे शतकभर लोकांच्या तोंडी राहील, असा मथळा मराठीत प्रथम कोणी दिला असेल, तर तो टिळकांनी.

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. टिळकांच्या ज्या मथळ्यांची आपण आजही उजळणी करतो, ते १८९७ सालचे आहेत. पुण्यात प्लेगची साथ होती. घरोघर झडती घेणाऱ्या सोल्जरांच्या वर्तनाने लोक संतप्त झाले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्यानंतर सरकारने साऱ्या शहरालाच अपराधी धरून पुण्यावर जादा पोलीस बसविले. ६ जुलैच्या ‘केसरी’त टिळकांचा अग्रलेख आला : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि पुढच्याच मंगळवारी, १३ जुलैला, दुसरा : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’.

हे दोन मथळे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला ओटीवर बसलेल्या माणसाच्या तोंडचा आहे. शेजारी वेडेवाकडे वागू लागला, की आपण म्हणतो, याचे डोके ठिकाणावर आहे का? तेच वाक्य, केवळ कर्ता बदलून, साम्राज्याला विचारले गेले. पंडिती शब्द नाही, उपमा नाही, उद्गारवाचक चिन्हांची रांग नाही. इयन बेटरिज या इंग्रज पत्रकाराने २००९ साली असा दंडक सांगितला, की ज्या मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे असते. म्हणजे संपादकाला खात्री नसली, की तो प्रश्नाआड लपतो. हा दंडक टिळकांच्या मथळ्याला लावून पाहिला तर गंमत होते. उत्तर ‘नाही’ असेच येते, परंतु तेच तर टिळकांना म्हणावयाचे होते! तेथे प्रश्नचिन्हाने काही लपविले नव्हते.

दुसऱ्या मथळ्याचे मर्म ‘नव्हे’ या अखेरच्या शब्दात आहे. मराठीत ‘नाही’ वेगळे आणि ‘नव्हे’ वेगळे. घरात मीठ नाही. पण साखर म्हणजे मीठ नव्हे. वस्तू नसणे आणि एक वस्तू दुसरी नसणे, असा हा भेद. आपण ज्या हिंदीच्या सहवासात राहतो, तिला या दोन्हींसाठी एका ‘नहीं’वर भागवावे लागते. राज्य आणि सूड यांची सरकारने घातलेली गल्लत टिळकांनी त्या एका ‘नव्हे’ने उकलून दाखविली. आता या मथळ्याचा शेवटचा शब्द झाकून पाहा. ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे’ एवढेच उरेल आणि टिळक जे नाकारत होते तेच त्यांच्या तोंडी येईल. आमच्या फळ्यावर जो अनर्थ घडला, तो याहून निराळा नव्हता.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘सरकारचे डोके…’ या अग्रलेखामुळे टिळक तुरुंगात गेले, असे सर्रास सांगितले जाते. शाळकरी निबंधांतून तर ते हमखास आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांना २७ जुलै १८९७ रोजी अटक झाली हे खरे. परंतु राजद्रोहाचा आरोप होता तो १५ जूनच्या अंकातील मजकुरावर, म्हणजे शिवराज्याभिषेक उत्सवाच्या वृत्तांतावर आणि ‘शिवाजीचे उद्गार’ या कवितेवर. तो अंक रँडवरील हल्ल्याच्या आठवडाभर आधीचा आहे. नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लोकस्मृतीने मात्र तो खटला त्या मथळ्याच्याच खात्यावर मांडला. मजकूर विसरला जातो आणि मथळा उरतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१९०८ साली मात्र मथळा खरोखरच न्यायासनासमोर गेला. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख आला. ८ जूनला स्फोटक पदार्थ व वृत्तपत्रे यांसंबंधीचे नवे कायदे झाले आणि दुसऱ्याच दिवशीच्या ‘केसरी’ने त्यांवर मथळा दिला : ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. या दोन लेखांवरून मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. दावर यांच्यासमोर जुलैमध्ये खटला चालला. (हेच दावर १८९७ साली टिळकांचे वकील होते, काळाचे फेरे म्हणतात ते हेच.) मराठी जाणणारी ज्यूरी मिळावी ही टिळकपक्षाची विनंती अमान्य झाली. नऊपैकी सात ज्यूरर युरोपीय होते. त्यांच्यापुढे हे लेख आले ते सरकारी भाषांतराच्या रूपाने. आणि टिळकांनी आपल्या प्रदीर्घ भाषणाचा पुष्कळसा भाग मराठी शब्दांच्या अर्थच्छटा समजावून देण्यात खर्चिला. ‘टिकाऊ नाहीत’ म्हणणारा लेखक उपायांची चिकित्सा करतो आहे, की कायदा करणाऱ्यांना धमकावतो आहे? मराठी कानाला जे सहज कळते, ते परक्या कानाला तर्काने पटवून द्यावे लागले, आणि पटले नाही. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन मंडालेस गेले.

या दोन खटल्यांच्या मधोमध ‘केसरी’चा आणखी एक मथळा उभा आहे, आणि तोच मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. पहिल्या शिक्षेतून सुटल्यावर टिळकांनी ४ जुलै १८९९ रोजी पुन्हा लेखणी हाती घेतली, तेव्हा अग्रलेखावर लिहिले : ‘पुनश्च हरिः ॐ’. वेदपठणाच्या आरंभीचा ‘हरिः ॐ’ आणि त्यामागे ‘पुनश्च’. तुरुंगाचे नाव नाही, तक्रार नाही. जणू मधल्या काळात पोथी मिटून ठेवली होती, ती आता उघडली. याच तीन शब्दांचा मथळा डॉ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’च्या पहिल्या अग्रलेखावर दिला. त्यांचे ‘मूकनायक’ हे १९२० साली सुरू झालेले पत्र बंद पडले होते, त्यामुळे अर्थ चपखल होता. परंतु ज्यांना वेदाक्षर ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्या पत्राच्या माथ्यावर ‘हरिः ॐ’ येणे यातील धार कोणत्या मराठी वाचकाला जाणवली नसेल? पुढे जून २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल करताना महाराष्ट्र सरकारने ‘पुनश्च हरिओम’ हीच घोषणा दिली. एकशेएकवीस वर्षांनंतर एक मथळा सरकारी उपक्रमाचे नाव होतो, आणि ते कोणास समजावून सांगावे लागत नाही!

बाबासाहेबांच्या मथळ्यांचा आणखी एक विशेष सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर १९२७ च्या वसंतात त्यांनी ‘बहिष्कृत भारता’त एकामागून एक तीन अग्रलेख लिहिले. तिन्हींचा आरंभ एकच : ‘महाड येथील धर्मसंग्राम व…’. पुढे एकात ‘वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी’, दुसऱ्यात ‘इंग्रज सरकारची जबाबदारी’, तिसऱ्यात ‘अस्पृश्य वर्गाची जबाबदारी’. पालुपद तेच ठेवून एकेकाला नाव घेऊन उभे करावे, तसा हा प्रकार आहे. टिळकांचा मथळा ओटीवरून आला, तर हा कायदेपंडिताच्या आरोपपत्रातून. रंजकतेच्या कसोटीवर तो कोणाला रुक्ष वाटेल. मला तो मराठीतील अत्यंत धाडसी मथळ्यांपैकी एक वाटतो, कारण शेवटची जबाबदारी त्याने स्वकीयांवरही टाकली.

आता महाराष्ट्राची शीव ओलांडून आपल्या बाजूस येऊ. आपल्यासारखीच घरात मराठी आणि दारात दुसरी भाषा असलेली तीन माणसे या कथेत मोलाची आहेत. पैकी माधवराव सप्रे १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मले. १९०० साली पेंड्रा या आडवळणी गावातून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. हिंदीतील आरंभीच्या कथांत जिची गणना होते ती त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ त्यातच आली. शीर्षक म्हणूनही ते पाहण्यासारखे आहे : साऱ्या कथेचा भार एका टोपलीभर मातीवर. १९०७ साली त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविले. पुढच्याच वर्षी, टिळकांपाठोपाठ, त्यांनाही राजद्रोहाखाली अटक झाली. ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ हिंदीत आणले तेही सप्र्यांनीच. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय १९८४ साली भोपाळ येथे स्थापन झाले आहे. त्या बाजूस जाणाऱ्या सभासदांनी अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरे सखाराम गणेश देऊसकर. देवघरजवळच्या करों गावी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील हा माणूस बंगालीचा लेखक व संपादक झाला. १९०४ साली त्यांनी ब्रिटिश राजवटीने देशाची जी आर्थिक लूट चालविली होती तिचे आकडेवार विवेचन करणारा ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले ‘देशेर कथा’. बंगालीत ‘कथा’ म्हणजे गोष्ट नव्हे, तर बोलणे, सांगणे. देशाविषयी थोडे बोलावयाचे आहे, इतके साधे नाव! अर्थशास्त्राचा ग्रंथ त्या नावामुळे स्वदेशीच्या दिवसांत घराघरांत शिरला, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. टिळकांच्या १९०८ च्या खटल्याची हकीकत बंगाली वाचकांना सांगणारी पुस्तिकाही त्यांनी लिहिली होती.

तिसरे बाबूराव विष्णु पराडकर. काशीत १८८३ साली जन्मलेले, देऊसकरांचे भाचे. मामांचा तो ग्रंथ ‘देश की बात’ या नावाने त्यांनी हिंदीत आणला. कलकत्त्यास हिंदी पत्रांत उमेदवारी करून, नजरकैद भोगून, ते १९२० साली निघालेल्या ‘आज’ या काशीच्या दैनिकात आले आणि दीर्घकाळ त्याचे संपादक राहिले. दैनिकाच्या संपादकाला रोज रात्री शब्द कमी पडतात. विशेषतः मथळ्यासाठी, जेथे लांब शब्दाला जागाच नसते. इंग्रजी तारेतून आलेल्या कल्पनांना पराडकरांनी आटोपशीर हिंदी नावे दिली. नावामागे ‘श्री’ लावण्याची रूढी, ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ यांचे श्रेय हिंदी पत्रकारितेचे अभ्यासक त्यांना देतात. (आपण मराठीत ‘चलनवाढ’ म्हणतो; तो शब्द बाजारात अधिक कळतो, हे पराडकरांची क्षमा मागून नमूद करतो.) १९३० च्या दडपशाहीत ‘आज’ बंद ठेवावा लागला, तेव्हा गुप्तपणे निघणाऱ्या ‘रणभेरी’मागेही त्यांचा हात होता. १९२५ साली वृंदावन येथील संपादक संमेलनात त्यांनी भाकीत केले, की पुढील काळी वृत्तपत्रे देखणी होतील, भांडवलाने पुष्ट होतील, परंतु त्यांत जीव राहणार नाही आणि संपादकाची लेखणी त्याची स्वतःची असणार नाही. काशीच्या त्या मराठी माणसाचे हे बोल हिंदी पत्रकार आजही वारंवार उद्धृत करतात. मराठीत ते फारसे कोणाला ठाऊक नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

पुन्हा महाराष्ट्रात येऊन दोन व्यक्तींचा ओझरता उल्लेख करतो. नानासाहेब परुळेकर कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात त्यांनी ‘सकाळ’ काढला. त्यांच्या आधी मराठी मथळा मुख्यतः मताचा होता. त्यांनी तो बातमीचा केला. काय घडले, कोठे घडले, एवढे सांगून बाजूस होणारा मथळा. या मथळ्यावर कोणी पोवाडे गात नाही, पण रोजचा संसार त्यावरच चालतो. आचार्य अत्रे हे त्याच्या अगदी उलट टोक. संयुक्त महाराष्ट्राच्या रणधुमाळीत, १९५६ च्या नोव्हेंबरात, त्यांनी ‘मराठा’ काढला, आणि त्यांचा मथळा सभेत टाळ्या घेणाऱ्या वाक्यासारखा गर्जत येई. त्यातील विनोद अजोड होता. परंतु व्यक्तींची टवाळी अनेकदा मर्यादा सोडून जाई, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेच अत्रे १९६४ साली नेहरू गेल्यावर मात्र एका शब्दापाशी थांबले. ‘मराठा’तील ती लेखमाला ‘सूर्यास्त’ या नावाने ग्रंथरूप झाली. येथे क्रियापद नाही, आणि त्याची गरजही नाही. कोणता सूर्य मावळला, हे देशाला ठाऊकच होते.

या सर्व मथळ्यांत शैलीचे कितीही अंतर असले, तरी एक गोष्ट समान आहे. लेखकाला जे सांगावयाचे ते त्याने मथळ्यातच सांगून टाकले आहे, आणि तरीही वाचक पुढे वाचत गेला. ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हे कळल्यावर अग्रलेखात शोधण्यासारखे रहस्य ते काय उरले? तरी लोक तो अंक चावडीवर जमून ऐकत, ते युक्तिवाद ऐकण्यासाठी. आजच्या फोनवरील मथळा याच्या नेमका उलट वागतो. अमुक नटीने असे काही केले, की… तमुक गावात जे घडले ते पाहून… म्हणजे क्रियापद आतल्या खोलीत कुलुपात ठेवावयाचे आणि किल्लीसाठी वाचकाला बोट टेकवावयास लावावयाचे. यामागचे अर्थकारण उघड आहे. पूर्वी वाचक अंकाचे पैसे देई, मग तो एक बातमी वाचो वा दहा. आता प्रत्येक बातमी स्वतंत्रपणे उघडली जावी लागते, आणि उघडली गेल्याची तत्क्षणी मोजदाद होते. एकाच बातमीला दोन मथळे देऊन अर्ध्या वाचकांना एक, अर्ध्यांना दुसरा दाखवावयाचा, आणि ज्यावर अधिक बोटे पडतील तो ठेवावयाचा, अशीही सोय झाली आहे. उपसंपादकाला रात्री जे अंदाजाने ठरवावे लागे, ते आता यंत्र आकड्याने ठरविते. या युक्तीचा इतका अतिरेक झाला, की ऑगस्ट २०१४ मध्ये फेसबुकनेच जाहीर केले, की जो दुवा उघडून लोक लगेच परत फिरतात, त्याचा मथळा फसवा समजून तो मागे सारला जाईल. वाचकाने बोट टेकविले म्हणजे त्याचे समाधान झाले असे नव्हे, हे त्या बाजारालाही उमगले होते.

मी नव्या माध्यमाचा द्वेष्टा नाही. दोन-तीन दिवस शिळ्या ‘केसरी’ची वाट पाहणाऱ्या घरातून मी आलो आहे, आज कोल्हापूरचा पाऊस मला येथे बसून त्याच घटकेस कळतो, याचे मोल मी जाणतो. छापील अंकात मथळा आणि मजकूर एकाच कागदावर होते. डोळा खाली घसरला, की खरेखोटे कळे. पडद्यावर मथळा मजकुरापासून तुटून एकटाच गावोगाव हिंडतो, कोणाच्याही हातून पुढे जातो, आणि वाटेत त्याचे शेपूट तुटते. इंग्रजीचे शेपूट तुटले तर बहुधा तपशील हरवतो, कारण तेथे कर्त्यापाठोपाठ क्रियापद येऊन गेलेले असते. मराठीचे तुटले तर ‘नव्हे’ आणि ‘नाहीत’ हरवतात.

यावर मराठी लिहिणाऱ्यांना उपाय नाही असे मुळीच नाही. आपली विभक्ती इतकी भक्कम आहे, की शब्दांची जागा बदलली तरी अर्थ ढळत नाही. बोलताना आपण नित्य तसे करतोच : ‘आला नाही अजून दूधवाला’. त्या गायकांच्या बातमीवर ‘खोटी आहे निधनाची बातमी’ असे लिहिले असते, तर मागचे कितीही शब्द गळाले असते तरी आमचे भजन बुडाले नसते.

आमच्या चिटणिसांनी त्या प्रसंगानंतर समूहावर सूचना टाकण्याची पद्धत बदलली आहे, ती वाचकांच्या लक्षात आलीच असेल. पूर्वी ते लिहीत, ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी योजलेली सहल काही अपरिहार्य कारणामुळे रहित करण्यात आली आहे.’ आणि निम्मे सभासद डबे घेऊन बसथांब्यावर हजर! आता ते लिहितात, ‘रहित : रविवारची सहल.’ गेल्या कोजागरीला पाऊस आला, तेव्हा त्यांचा संदेश होता, ‘होणारच : कोजागरी, गच्चीऐवजी सभागृहात.’ दूध आटविण्यास आम्ही सहाजण वेळेवर पोहोचलो.